टीव्हीवरचे मजेदार प्रयोग विज्ञान असतात का? नागपुरातले पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

नागपुरात आम्ही काही शिक्षक मिळून शाळकरी मुलांसाठी सुटीच्या दिवशी प्रयोगांचे वर्ग घेतो. मुलं बहुतेक वेळा टीव्हीवर किंवा मोबाइलवर काहीतरी पाहूनच येतात. कुणी गाडी उडवलेली पाहिलेली असते, कुणी रस्त्यावर केलेलं आम्लेट, कुणी ‘प्लॅस्टिकचा’ तांदूळ. मग एखादा पोरगा विचारतो, “सर, हे खरंच करून राहिले का नुसतं दाखवून राहिले?” पालकांचे प्रश्न जरा वेगळे असतात, पण रोख तोच. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांवरची आमची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे कार्यक्रम विज्ञान आहेत की करमणूक? थोडक्यात सांगा.

अख्ख्या कार्यक्रमावर शिक्का मारू नका, एकेक प्रयोग तपासा. एकाच भागात एक प्रयोग चोख असतो आणि दुसरा नुसत्या स्फोटासाठी केलेला असतो. आम्ही मुलांना दोन गोष्टी विचारायला शिकवतो. हा प्रयोग उलटा जाऊ शकला असता का? आणि गेला असता, तर त्यांनी तो आपल्याला दाखवला असता का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर त्या प्रयोगात विज्ञान आहे, भले ते छोटं आणि अपुरं असो. पहिल्याचंच उत्तर ‘नाही’ असेल, तर समोर चाललाय तो खेळ आहे. खेळ चांगला असू शकतो, त्याने शिकवताही येतं, पण त्यातून काही सिद्ध होत नाही.

पण करणारे लोक शास्त्रज्ञ नसतात. मग त्यांच्या प्रयोगाला काय किंमत?

डिस्कव्हरी वाहिनीवर २००३ साली सुरू झालेल्या, लोकांतले समज प्रयोगाने तपासणाऱ्या ‘मिथबस्टर्स’ या कार्यक्रमाचे अ‍ॅडम सॅव्हेज आणि जेमी हाइनेमन हे दोघं सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सच्या धंद्यातून आलेले. त्यांच्याकडे संशोधनाची पदवी नव्हती. पण विजेवर मूलभूत शोध लावणारा मायकेल फॅरेडेही पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी करत मोठा झाला, आणि लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली सुरू झालेल्या नाताळच्या व्याख्यानांत लोकांसमोर प्रयोग करून दाखवण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. पदवीमुळे प्रयोग खरा होत नाही आणि पदवी नाही म्हणून खोटा ठरत नाही. प्रयोगाची मांडणी बघायची.

मग टीव्हीच्या प्रयोगात नेमकं कमी काय पडतं?

याचं आमचं आवडतं उदाहरण जांभईचं आहे. २००५ साली मिथबस्टर्सनी तपासलं की एकाने जांभई दिली की दुसऱ्याला येते का. ५० माणसं घेतली. ३४ जणांसमोर आधी कुणीतरी जांभई दिली, १६ जणांसमोर दिली नाही. मग प्रत्येकाला खोलीत बसवून कॅमेऱ्यातून पाहिलं. पहिल्या गटातल्या १० जणांनी जांभई दिली, दुसऱ्या गटातल्या ४ जणांनी. म्हणजे २९ टक्के आणि २५ टक्के. कार्यक्रमाचा निकाल: समज खरा आहे.

मांडणीत चांगलं काय होतं ते आधी पाहा. दोन गट होते. ज्यांना जांभई दाखवलीच नाही असा तुलनेचा गट ठेवायचं त्यांना सुचलं, आणि टीव्हीवर हे सहसा कुणी करत नाही. त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

आता आकडे. ३४ चे २५ टक्के म्हणजे साडेआठ. प्रत्यक्षात जांभया आल्या १० जणांना. सगळा निष्कर्ष दीड माणसावर उभा आहे. पहिल्या गटातली दोन माणसं आदल्या रात्री जरा जास्त झोपली असती तर निकाल फिरला असता. किती फरक पडला तर ‘खरं’ म्हणायचं, हे प्रयोगाआधी ठरवलेलं नव्हतं. पुन्हा नवी ५० माणसं आणून तोच प्रयोग केला नाही. आणि निकाल जाहीर होण्याआधी तो एखाद्या संख्याशास्त्रज्ञाच्या हाती गेला असता, तर त्याने पहिला आक्षेप हाच घेतला असता.

संशोधन आणि टीव्ही यांच्यात खरा फरक इथे आहे. प्रश्न विचारणं, उपकरण बनवणं, करून पाहणं हे टीव्हीवाले कित्येकदा झकास करतात. त्यांच्याकडून राहून जातं ते कंटाळवाणं काम: तेच तेच पुन्हा मोजणं, चूक किती असू शकते ते लिहिणं, आणि ज्याला आपलं म्हणणं पटत नाही अशा माणसाला ते तपासायला देणं. ४५ मिनिटांत ते बसत नाही, आणि बसलं तरी कोण बघणार? पण विज्ञानावर विश्वास ठेवावा असं जे काही आहे, ते याच कामामुळे आहे.

म्हणजे जांभई पसरत नाही?

पसरते. त्यावर इतरांनी नीट केलेलं संशोधन आहे. त्या प्रयोगाने ते सिद्ध झालं नाही, एवढंच. उत्तर बरोबर असूनही रीत चुकू शकते. गणिताच्या पेपरात आपण मुलांचे गुण याच कारणाने कापतो.

त्यांना जमलं नाही म्हणजे ती गोष्ट अशक्यच ना?

नाही. सिरॅक्यूस या प्राचीन ग्रीक शहराला रोमनांनी वेढा घातला तेव्हा आर्किमिडीजने आरशांनी ऊन एकवटून रोमन जहाजं पेटवली अशी कथा आहे. मिथबस्टर्सनी ती तपासली आणि खोटी ठरवली. त्यानंतर २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १२७ आरसे घेऊन सुमारे ३० मीटरवरच्या जहाजाच्या लाकडी नमुन्यावर ऊन एकवटलं, आणि त्यांना तो पेटवता आला. पण जहाज स्थिर होतं, आकाश निरभ्र होतं, आणि आरसे नेमके लावायला भरपूर वेळ मिळाला होता. पुढे दोन्ही मंडळींनी मिळून पुन्हा केलं तेव्हा निकाल एवढा झगझगीत नव्हता. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या सांगण्यावरून आणखी एकदा झालं, ५०० माणसं आरसे धरून उभी राहिली, आणि तेव्हाही जहाज पेटलं नाही.

यातून काय कळलं? विशिष्ट परिस्थितीत लाकूड पेटू शकतं. हलत्या जहाजावर, लढाईच्या धामधुमीत हे हत्यार म्हणून चाललं असेल असं वाटत नाही. ‘खरं’ किंवा ‘खोटं’ या एका शब्दापेक्षा ही दोन वाक्यं कितीतरी मोलाची आहेत, पण पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतो तो एक शब्दच. आम्ही मुलांना निकालाचा शब्द आला की आवाज बंद करायला सांगतो आणि तो निकाल स्वतःच्या दोन वाक्यांत लिहायला लावतो.

टीव्हीवाले स्वतःची चूक कबूल करतात का?

काही करतात, आणि त्यांना आम्ही मानतो. पावसात चालत गेलं तर कमी भिजतो की पळत गेलं तर, हा प्रश्न मिथबस्टर्सनी सुरुवातीला कृत्रिम पाऊस पाडून तपासला आणि चालणं बरं असं सांगितलं. प्रेक्षकांनी आक्षेप घेतले. मग त्यांनी खऱ्या पावसात पुन्हा केलं, निकाल उलटा आला, आणि तो उलटा निकाल त्यांनी तसाच दाखवला. पळालेलं बरं. आमच्या मते त्या कार्यक्रमाचं सगळ्यात वैज्ञानिक वागणं हेच होतं, त्यातल्या कुठल्याही स्फोटापेक्षा जास्त.

दर मे महिन्यात बातम्यांत नागपूरच्या रस्त्यावर अंडं फोडून आम्लेट करतात. ते खरं असतं का?

हा प्रश्न नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अंड्याचं पांढरं साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतं, पिवळ्याला त्याहून थोडं जास्त लागतं. हवेचं तापमान ४५ अंश असतं तेव्हा भर उन्हातला डांबरी रस्ता ६० च्या वर जाऊ शकतो. म्हणजे अंडं थोडंफार थिजणं अगदी अशक्य नाही. पण गार अंडं पडलं की तेवढा रस्ताही गार होतो, आणि डांबर लोखंडी तव्यासारखी उष्णता भराभर पुरवत नाही. म्हणून प्रत्यक्षात बहुतेक वेळा कडेने पांढुरकं आणि मध्ये लिबलिबीत असं काहीतरी होतं. बातमीत खरपूस आम्लेट दिसलं तर आधी तवा कधी आणि कुठे तापवला ते विचारा. तसं आम्लेट अंडं फोडल्यापासून शेवटपर्यंत न कापता दाखवलेलं आम्ही अजून पाहिलेलं नाही.

यातला मोठा घोटाळा मात्र अंड्याचा नाही, तापमानाचा आहे. बातमीदार व्हरायटी चौकात उभा राहून तापमापी उन्हात धरतो, किंवा बंदुकीसारखं यंत्र रस्त्यावर रोखतो, आणि सांगतो की नागपूर ५५ अंशांवर. हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास. रस्त्याचं तापमान वेगळं, उन्हात तापलेल्या तापमापीचं वेगळं, हवेचं वेगळं. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात, पण एकमेकांशेजारी ठेवून ‘विक्रम मोडला’ म्हणता येत नाही.

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली होती, आठवत असेल. बातमी देशभर गेली. शहरातल्या इतर काही ठिकाणच्या नोंदी त्याच्या कितीतरी खाली होत्या, आणि हवामान खात्याने संवेदक (सेन्सर) बिघडल्याचं स्पष्ट केलं. आकडा नवलाचा आला की आधी यंत्र तपासायचं, शेजारच्या यंत्राशी ताडून पाहायचं, आणि चुकला असेल तर तसं सांगायचं. त्या दिवसांत टीव्हीवर विज्ञान दिसलं ते त्या खुलाशात. तो मात्र फार लोकांनी पाहिला नाही.

ग्रहणात परातीत मुसळ उभं राहतं. चॅनेलवाल्यांनी लाइव्ह दाखवलं. आता तर मानाल?

मुसळ उभं राहतं हे आम्ही आजही मानतो. आमचं म्हणणं एवढंच की ते ग्रहण नसतानाही उभं राहतं. मुसळाचं टोक सपाट असतं, त्यावर बहुधा लोखंडी कडं असतं, आणि हलक्या हाताने तोल साधला की ते कुठल्याही मंगळवारी उभं राहतं. परातीत पाणी असलं काय, नसलं काय, फार फरक पडत नाही.

कॅमेरा इथे खोटं बोलत नाही. दाखवलेलं सगळं खरं आहे. गडबड न दाखवलेल्या अर्ध्या भागात आहे: ग्रहणाच्या आदल्या दिवशी करून बघितलं का? जांभईच्या प्रयोगात निदान तुलनेचा गट होता, इथे तोच नाही. आमच्या वर्गात आम्ही मुलांना घरून मुसळ आणायला सांगतो, तारीख मुद्दाम ग्रहणापासून दूरची निवडतो. एखाद्या आजीही सोबत येतात आणि त्यांच्या हातून मुसळ पहिल्या झटक्यात उभं राहतं, कारण सवयीचा हात.

२१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध पिऊ लागले तेव्हाही असंच होतं. चमच्यातलं दूध कमी होत होतं हे खरंच होतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, आणि दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढलं जाऊन तिच्या अंगावरून पातळ थराने खाली वाहतंय हे उघड्या डोळ्यांना दिसलं. एक चिमूटभर रंग. त्या दिवशी टीव्हीवर दिसलेल्या सगळ्या गोष्टींत आम्हाला तो प्रयोग सर्वात सुंदर वाटतो.

प्लॅस्टिकचा तांदूळ? भाताचा गोळा चेंडूसारखा उसळताना दाखवला होता.

२०१७ मध्ये ही अफवा जोरात होती. शिजवलेल्या भातात स्टार्चचा चिकटपणा असतो, घट्ट वळलेला गोळा उसळतोच. भंडारा-गोंदियाच्या शेतातून आलेल्या, आपल्या डोळ्यांदेखत कांडलेल्या तांदळाचाही उसळेल. तो करून पाहिल्याशिवाय संशयाच्या तांदळाचा गोळा उसळवण्याला अर्थ नाही.

पुढे रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसू लागले, पाण्यावर तरंगू लागले, म्हणून तीच भीती परत आली. ते पोषणयुक्त दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून दाण्याच्या आकारात काढतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. गडचिरोलीत हे सुरुवातीच्या काळातच आलं. एका चुकीच्या व्हिडिओमुळे तिथली एखादी माउली ते दाणे निवडून फेकून देते. तिच्या पोराच्या ताटातलं लोह गेलं. म्हणून आम्ही हा प्रश्न हसण्यावारी नेत नाही.

कॅमेऱ्यासमोर कधी खरंखुरं विज्ञान झालंय का?

झालंय. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात अंतराळवीर गेले. चौकशी आयोगाच्या सुनावणीत ११ फेब्रुवारीला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी यानाच्या सांध्यात वापरलेल्या रबराचा तुकडा शिकंज्यात दाबला, बर्फाच्या पाण्यात बुडवला, आणि बाहेर काढून शिकंजा सैल केल्यावर रबर लगेच मूळ आकारात येत नाही हे दाखवलं. अपघाताच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. सगळ्या जगाला कारण कळलं.

पण एकट्या ग्लासातल्या पाण्याने ते सिद्ध झालं नव्हतं. आधीच्या उड्डाणांत जळालेल्या रबराच्या नोंदी होत्या, आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री थंडीबद्दल इशारा देणारे अभियंते होते. ग्लासातला प्रयोग हा त्या सगळ्याचा चेहरा होता. टीव्हीचं सर्वोत्तम काम बहुधा असंच असतं: मागे डोंगराएवढं काम झालेलं असतं, आणि समोर एक मिनिट.

१९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदमच जमिनीला लागले. निकाल आधीपासून ठाऊक होता, त्यामुळे शोध म्हणून त्याचं मोल नाही. तरी तो व्हिडिओ पाहून नववीतलं पोरगं गुरुत्वाकर्षण विसरत नाही.

बुवांचे चमत्कार करून दाखवणारे कार्यकर्ते. ते विज्ञान आहे का?

श्याम मानव यांनी १९८२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. नंतर नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही गावोगाव बुवांचे चमत्कार करून दाखवून त्यांमागची युक्ती सांगितली. ‘मंत्राने’ पेटणारा अग्नी ग्लिसरीन आणि पोटॅशियम परमँगनेटने पेटतो हे दाखवलं की ‘दैवी शक्तीशिवाय हे होऊच शकत नाही’ हा दावा तिथेच पडतो. तेवढ्यापुरतं ते पक्कं आहे. अमुक बुवाने हीच युक्ती वापरली, हे मात्र त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच्या हातांची झडती हवी.

पूर्ण प्रयोग कसा असतो हे पाहायचं असेल तर जयंत नारळीकरांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत केलेली फलज्योतिषाची चाचणी वाचा. १०० हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या १०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. कुठली पत्रिका कुठल्या गटातली हे ज्योतिषांनाही माहीत नव्हतं आणि चाचणी घेणाऱ्यांनाही. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या आणि ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, १०२ बरोबर आल्या. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आलीच असती. निकाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आला, कुणालाही तपासता येईल असा. यात धूर नाही, धमाका नाही. तरी सातवी-आठवीची मुलं हे ऐकताना श्वास रोखून बसतात, कारण ज्योतिषी जिंकूही शकले असते.

जाहिरातीत पांढरा कोट घालून दाखवतात ते?

नाही. तिथे प्रयोग उलटा गेलाच तर तो आपल्यापर्यंत कधीच येत नाही.

मुलांना असे कार्यक्रम बघू द्यावेत का? अभ्यास सोडून तेच बघत बसतात.

जरूर बघू द्या, जमलं तर सोबत बसा. मुलाला एखादी गोष्ट ‘करून बघावी’ असं वाटणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या ‘साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ या चार ओळींतून ते क्वचितच वाटतं. वहीत अनुमान आधी लिहून मग निरीक्षण भरायची सवय आपल्या शाळांतच लागते, हे आम्ही शिक्षक असूनही सांगतो. त्यापेक्षा टीव्हीवर फसलेला प्रयोग पाहिलेलं मूल आम्हाला जास्त बरं वाटतं. पुढची पायरी म्हणून गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात न्या. तिथे मुलांना स्वतः हात लावता येतो, दांडा फिरवता येतो, आणि एकच गोष्ट चार वेळा करता येते.

घरी करून पाहिलं तर?

आग, दाब, रसायनं, वीज आणि उंचीवरून काही टाकणं, यांतलं काहीही घरी करायचं नाही. मोठ्यांच्या देखरेखीखालीही नाही. ज्यांच्याकडे तज्ज्ञ आणि राखीव मैदान होतं त्या मिथबस्टर्सचा तोफगोळा डिसेंबर २०११ मध्ये कॅलिफोर्नियात भरकटून एका घराच्या आरपार गेला. सुदैवाने कुणाला लागलं नाही.

मग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काय करावं? ज्वालामुखी सोडून सांगा.

माठ घ्या. ‘ओलं पोतं गुंडाळलेल्या माठातलं पाणी जास्त गार होतं’ असं घरोघरी म्हणतात. खरंच होतं का, आणि किती? एकाच कुंभाराकडून सारखे तीन माठ आणा. एक उघडा ठेवा, एकाला ओलं पोतं गुंडाळा, एकाला कोरडं. तिघांत मोजून सारखंच पाणी भरा, एकाच सावलीत ठेवा, आणि दिवसातून ठरलेल्या वेळी एकाच तापमापीने मोजा. रोज माठांच्या जागा बदला, नाहीतर खिडकीजवळचा माठ वाऱ्यामुळे जिंकेल आणि श्रेय पोत्याला जाईल. किती अंशांचा फरक पडला तर ‘हो’ म्हणायचं ते पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवा आणि त्याखाली तारीख घाला. एखाद्या दिवशी आकडा विचित्र आला तर तो खोडू नका, शेजारी कारण लिहा.

हे सगळं मे महिन्यात करा आणि जुलैत पाऊस स्थिरावल्यावर पुन्हा करा. हवा दमट झाली की पाण्याची वाफ कमी होते, त्यामुळे मेमध्ये दिसलेला फरक जुलैत बराच घटलेला दिसेल. परीक्षकांनी विचारलं की दोन वेळचे आकडे वेगळे का, तर दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावा आणि त्या दिवसांची आर्द्रता तिसऱ्या रकान्यात भरून दाखवा.